बोललं तसं लिहिणाऱ्या शमीमताई

फोन आला तेव्हा मी बैठकीत होते. समोरच्या पडद्यावर नकाशा होता, लेसरचा लाल ठिपका एका नव्या रस्त्यावरून पुढे सरकत होता, आणि टेबलाखाली माझ्या हातातल्या फोनवर निलोफरचं नाव येत होतं. निलोफर म्हणजे शमीमताईंची भाचेसून, त्यांना फुफी, म्हणजे आत्या, म्हणणारी. ती ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नाही. त्यामुळे काय झालं असेल ते मला तिथेच कळलं, आणि तरीही मी फोन उचलला नाही. थोड्या वेळाने निरोप आला, "फुफी गेल्या. सकाळी चहा घेऊन जरा पडल्या होत्या, उठल्याच नाहीत." मी तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि लाल ठिपक्याकडे बघत बसून राहिले. उठून बाहेर जायला हवं होतं. पण उठले असते तर कुणीतरी विचारलं असतं, काय झालं, कोण गेलं… आणि आमच्या ऑफिसच्या इमारतीत शमीमताईंचं नाव घेताना अजूनही लोकांचा आवाज खाली येतो. बैठक संपेपर्यंत मी जागची हलले नाही.

कसब्यात पोचले तोवर जनाजा गेलेला होता. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडावी लागते, तिथून आत चालत गेले. खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. निलोफरने मला जवळ बसवून घेतलं. "मावशी, तुम्ही फोन उचलला नाहीत," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मी बैठक असल्याचं सांगितलं. "हो, फुफीसुद्धा असंच म्हणाल्या असत्या," ती म्हणाली, "बैठकीत असेल ती, घाबरली असेल."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर त्या दिवशी बरेच निरोप आले. एकाने लिहिलं होतं, 'एक निर्भीड कर्मचारी गमावली.' खाली हात जोडल्याची चित्रं. तो एक शब्द मला तेव्हापासून खटकतो आहे. शमीम तांबोळी या बाईंबरोबर मी दोन वर्षं एका खोलीत बसले, आणि त्यांच्याइतकं घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यांनी जे केलं ते भीत भीत केलं, आणि करून झाल्यावरही भीत राहिल्या. ते जसं होतं तसं सांगितलं नाही, तर त्यांच्यावर अन्याय होईल असं वाटतं, म्हणून हे लिहिते आहे. लिहिताना मलाही धास्ती वाटते आहे, हेही आधीच सांगून टाकते.

मी नगररचनाकार म्हणून नव्याने रुजू झाले तेव्हा मला बसायला लघुलेखकांच्या खोलीत जागा मिळाली. खोलीत एकच लघुलेखक उरल्या होत्या, त्या शमीमताई. वय पन्नाशीच्या आसपास, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. लिफ्टमध्ये अडकण्याच्या भीतीने रोज चार मजले जिना चढायच्या. टेबलावरचा फोन वाजला की पहिल्या घंटेला दचकायच्या, दुसऱ्या घंटेला त्याच्याकडे बघायच्या आणि तिसऱ्या घंटेला उचलायच्या. त्यांच्या नावाचं खाकी पाकीट आलं की ते पेपरवेटखाली ठेवून द्यायच्या. मी एकदा विचारलं, "उघडत का नाही?" तर म्हणाल्या, "जेवण तरी नीट होऊ दे." पाकिटात बहुतेक वेळा रजेची नोंद नाही तर प्रशिक्षणाचं पत्र असायचं. ते तीनदा वाचून झाल्यावरच त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

वडील कल्हईवाले. कसब्यात तांब्या-पितळेची भांडी घडवणारे शेजारी होते, त्यांच्या भांड्यांना कल्हई करण्यात वडिलांचा जन्म गेला. ताई मराठी शाळेत शिकल्या, लघुलिपी शिकल्या, भावाच्या संसारात राहिल्या, लग्न केलं नाही. त्यांचं मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ होतं. एकदा बाहेरून आलेले एक अधिकारी कौतुकाने म्हणाले, "तुमचं मराठी फार छान आहे हो." ताई खाली मान घालूनच म्हणाल्या, "तुमचंही बरं आहे." मग दिवसभर काळजी करत बसल्या, त्यांना राग तर आला नसेल ना.

त्यांचं काम होतं सुनावण्या लिहून घेण्याचं. शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांसाठी विकास आराखडा तयार होतो, म्हणजे कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे दवाखाना, याचा नकाशा. तो आम्ही ऑफिसात काढतो. मग तो लोकांपुढे ठेवला जातो, लोक हरकती घेतात, सूचना करतात, आणि त्यांना बोलावून ऐकून घेतलं जातं. ऐकून घेतलं जातं म्हणजे माणूस दहा मिनिटं बोलतो आणि कागदावर एक ओळ येते. 'अर्जदाराने रस्त्यास हरकत घेतली.' 'अर्जदाराने आरक्षण वगळण्याची विनंती केली.' ती ओळ समितीपुढे जाते, समिती 'स्वीकारावी' किंवा 'फेटाळावी' असं म्हणते, आणि पुढची वीस वर्षं ते गाव त्या ओळीवर जगतं. नियम मुंबईत ठरतात, नकाशा पुण्यात निघतो आणि पाणी गावात येतं. मधल्या वाटेत गावाचं म्हणणं कुठे सांडलं, हे कुणी मागे वळून बघत नाही.

ताईंनी ते एकदा बघितलं होतं. मी यायच्या आधीची गोष्ट. कात्रजच्या पलीकडच्या एका गावातले म्हातारे गृहस्थ सुनावणीला आले होते. दोन शेतांमधून जाणारी पाणंद नकाशात दिसत नाही, असं ते सांगत होते. मयत झाली की त्याच वाटेने स्मशानात नेतात, बाकी वर्षभर तिथे कुणी फिरकत नाही, म्हणून वरून फोटो काढला तर नुसतं गवत दिसतं. हे ते बराच वेळ समजावून सांगत होते. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ओळ सांगितली, 'अर्जदाराने रस्त्याबाबत हरकत घेतली.' ताईंनी तेवढंच टाइप केलं. हरकत फेटाळली गेली. काही वर्षांनी त्याच भागात एका ओळखीच्या घरी त्या मयतीला गेल्या, तेव्हा तिरडी हमरस्त्याने, ट्रक थांबवत थांबवत, लांबचा वळसा घालून नेताना त्यांनी पाहिली. जुनी पाणंद एका वसाहतीच्या कुंपणाच्या आत गेली होती.

"त्या आजोबांचा आवाज माझ्या वहीत होता, वैशाली," त्या मला म्हणाल्या. "पूर्ण होता. मी तो वहीतून कागदावर आणला नाही. साहेब रागावतील म्हणून." मग म्हणाल्या, "आपण लिहिलं नाही तर ते माणूस बोललंच नाही असं होतं. याची मला साहेबांपेक्षा जास्त भीती वाटते आता."

करंजवाडीची सुनावणी गावातल्याच जुन्या शाळेच्या एका वर्गात झाली. आराखड्यात गावासाठी नवी, मोठी शाळा धरलेली होती, आणि तिची जागा ओढ्याच्या काठच्या सपाट पट्ट्यावर दाखवली होती. ती जागा नकाशावर मीच आखली होती. ओढाही मीच आखला होता, उपग्रहाच्या चित्रावरून, सरळ निळ्या रेघेने. जागेवर मी एकदाच गेले होते, मे महिन्यात, गाडीतून न उतरता.

बरेच लोक बोलून गेले. शेवटी हौसाबाई नावाच्या एक बाई उभ्या राहिल्या. सत्तरीच्या पुढच्या, कपाळावर आडवं कुंकू, हातात अर्ज वगैरे काही नाही. साहेब म्हणाले, "बोला आजी, थोडक्यात."

"थोडक्यातच हाय," त्या म्हणाल्या. "हितं साळा बांदू नका. तुमच्या कागदावर ओढा सरळ दिसतोय. त्यो सरळ न्हाई. दर पावसाला न्हाई येत त्यो, पर येतो तवा जुन्या वाटंनं येतो. जुनी वाट साळंच्या जाग्यावरनं हाय. माज्या सासूनं मला दावली, म्या सुनंला दावली. तुमास्नी कुनी दावली न्हाई, त्यात तुमचा काय दोस न्हाई."

वर्गात कुणीतरी हसलं. साहेबांनी ओळ सांगितली, "घ्या. 'अर्जदाराने पावसाळी पाण्याच्या निचऱ्याबाबत सूचना केली.' पुढे." ताईंचा हात त्या ओळीपाशी थांबला नाही. तो चालत होता. मी शेजारीच बसले होते, मला दिसत होतं, आणि मी नकाशाची घडी घालून टाकली. कारण म्हातारी बोलत होती ते खरं असेल, तर माझी रेघ खोटी होती.

दोन दिवसांनी ताईंनी इतिवृत्त साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यात हौसाबाईंचं म्हणणं जसंच्या तसं होतं. साहेबांनी त्यांना आत बोलावलं. आमच्या खोलीचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर, सगळं ऐकू येत होतं.

"शमीमबाई, हे इतिवृत्त आहे का कीर्तन?"

"त्या तसं बोलल्या साहेब."

"बोलल्या असतील. 'दावली' काय, 'दावली'? सरकारी कागद आहे हा. हे पान काढा आणि मी सांगितलेली ओळ घाला. उद्या सकाळी मला हवं."

त्या परत आल्या आणि खुर्चीत बसल्या. कागद काढला नाही, टाइपरायटरला घातला नाही. नुसत्या बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच इतिवृत्त, तेच पान.

त्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आमच्या खोलीत आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, करंजवाडीतले मोठे जमीनदार. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. शाळा ओढ्याकाठून हलली असती तर वरच्या अंगाला, त्यांच्या जमिनीवर गेली असती, आणि तिथे त्यांना इमारती बांधायच्या होत्या. हे आम्हाला दोघींना माहीत होतं. ते ताईंसमोरच्या खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, अगदी नम्रपणे बोलले.

"आपण राहायला कुठं?"

"कसब्यात."

"कसब्यात कुठं?"

ताईंनी गल्ली सांगितली. खोटं सांगावं हे त्यांना त्या क्षणी सुचलंच नसावं.

"फार अरुंद आहे हो ती गल्ली. काही झालं तर गाडीसुद्धा आत येत नाही." मग पाणी पिऊन झाल्यावर, "आडनाव काय म्हणालात आपलं?"

"तांबोळी."

"असं होय," ते म्हणाले, हसले, ग्लास जपून टेबलावर ठेवला आणि गेले.

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. शेवटी ताईंनी विचारलं, "वैशाली, ते काय म्हणाले?"

"काहीच म्हणाले नाहीत, ताई."

"हो ना… काहीच म्हणाले नाहीत. लिहून काढायला बसलं तर त्यात धमकीची एक ओळसुद्धा निघणार नाही." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. मी त्यांना इतकं पांढरंफटक कधी पाहिलं नव्हतं.

पुढचं सांगताना मला जड जातं. साहेबांनी मला बोलावलं. मी नवी, नोकरी कायम व्हायची होती, घरी मुलगी तीन वर्षांची. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "तुम्ही होतात ना तिथे? शमीमबाईंचं आता वय झालंय, ऐकण्यात चूक होते माणसाची. त्या म्हातारबाई नेमकं असंच बोलल्या का?" मला हौसाबाईंचा शब्दन् शब्द पाठ होता. मी म्हटलं, "नीट आठवत नाही, सर."

दार उघडंच होतं. मी खोलीत परत आले तेव्हा ताई डबा उघडत होत्या. नेहमीप्रमाणे त्यांनी झाकणात अर्धी भाजी काढली आणि माझ्यापुढे सरकवली. मी तिला हात लावला नाही. "तू घाबरलीस," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा घाबरलेय. रात्रभर इम्रानच्या घरात यायच्या वेळा मोजते. पण तुझं आणि माझं एक वेगळं आहे. तुला पुन्हा सांगायची संधी मिळेल. माझी एकदा गेलेली आहे." इम्रान म्हणजे त्यांचा भाचा, निलोफरचा नवरा. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

समितीच्या बैठकीत ताई एका कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायच्या. तिथे त्यांनी तोंड उघडणं अपेक्षितच नव्हतं. करंजवाडीचा विषय आला, साहेबांनी ते पान काढून टाकून आपली एक ओळ वाचली, सगळ्यांनी माना हलवल्या, आणि ताई उभ्या राहिल्या. आवाज इतका बारीक की अध्यक्षांना दोनदा विचारावं लागलं, काय म्हणता. "यात एक पान कमी आहे," त्या म्हणाल्या. "मला ते वाचू द्यावं." साहेबांनी काहीतरी म्हणायला सुरुवात केली, पण अध्यक्षांना बहुधा गंमत वाटली असावी. ते म्हणाले, वाचा.

ताईंनी लघुलिपीच्या वहीतून थेट वाचलं. त्या खुणा खोलीत दुसऱ्या कुणालाही वाचता येत नव्हत्या, त्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता. 'हाय' ला हाय, 'दावली' ला दावली. पहिल्या वाक्याला दोघं-तिघं हसले. 'तुमास्नी कुनी दावली न्हाई' इथे येईपर्यंत कुणी हसत नव्हतं. समितीत एक निवृत्त अभियंता होते, ते नकाशा पुढे ओढून घेत म्हणाले, "जाऊन बघायला काय हरकत आहे?"

बघायला ताईंना नेलं नाही, मला नेलं. हौसाबाई काठी टेकत पुढे, आम्ही मागे. त्यांनी शेताच्या कडेला एका जागी पायाने माती उकरून दाखवली. वीतभर खाली पाण्याने घासून गोल झालेले गोटे होते, ओढ्यात असतात तसे. मग त्यांनी करंजांची रांग दाखवली. झाडं ओढ्यापासून दूर, धनुष्यासारखी वळत गेली होती, आणि ते वळण मी आखलेल्या शाळेच्या बरोबर मधून जात होतं. अभियंत्यांनी नकाशा त्या वळणाशी ताडून बघितला. मग मला म्हणाले, "हे तुम्ही काढलंत का?" मी हो म्हटलं. शाळा वरच्या अंगाला हलली.

याला विजय म्हणतात का, मला माहीत नाही. महिन्याभरात ताईंची बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली. कारण दिलं होतं, प्रशासकीय सोय. जिने चढायला नकोत आता, असं त्या हसून म्हणाल्या. पण गल्लीच्या तोंडाशी पुढचे कित्येक दिवस संध्याकाळी एक मोटरसायकल उभी असायची, आणि तिच्यावर बसलेला माणूस कधी कुणाशी बोलला नाही. तो अण्णांचा होता का कुणाचा, का नुसताच कुणाची वाट बघणारा होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ताई रोज वेगळ्या बोळातून घरी जायच्या. भाचा नदीवरच्या पुलापर्यंत त्यांना न्यायला यायचा. घरात त्यांना सगळ्यांनी ऐकवलं, तुला काय पडलं होतं. एक दिवस मोटरसायकल दिसेनाशी झाली. ताई मात्र त्यानंतरही वर्षभर बोळ बदलत राहिल्या.

शाळा बांधून झाल्यावर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पावसाळा संपला असं म्हणता म्हणता परतीचा पाऊस असा कोसळला की दुपारीच ऑफिसातले दिवे लावावे लागले. करंजवाडीत पाणी शिरल्याचं कळलं. मी गाडी काढून गेले. शाळा टेकाडावर उभी होती, वर्गांतून पाढ्यांचा आवाज येत होता. आणि खाली, मी जिथे ती आखली होती तिथे, करंजांच्या त्या वळणाने, गढूळ पाणी चाललं होतं. कमरेच्या वर असेल. आवाज टेकाडापर्यंत येत होता. ते पाणी त्या मिनिटाला जिथून जात होतं, तिथे माझ्या नकाशात पहिलीचे वर्ग होते.

मी ताईंना फोन लावला. त्यांनी पहिल्या घंटेला उचलला.

"शाळा?"

"वर आहे, ताई. कोरडी आहे. मुलं वर्गात आहेत."

मग म्हणाल्या, "आणि हौसाबाई?"

ते मी बघितलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "जा, बघून ये आधी," त्या म्हणाल्या, आणि त्या एकाच वेळी त्यांचा आवाज मला कडक लागला. हौसाबाईंचा गोठा वाहून गेला होता. गुरं त्यांनी सकाळीच सोडून वर हाकलली होती. मला बघून त्या म्हणाल्या, "आला नव्हं जुन्या वाटंनं?" जणू माहेरचं कुणी आलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात करंजवाडीचा उल्लेखही नव्हता. काही घडलंच नव्हतं ना.

ताई निवृत्त झाल्या. मी हळूहळू वर सरकले, आता सुनावण्या मीच घेते. लघुलेखकाचं पद भरलं गेलं नाही. त्याऐवजी एक यंत्रणा आली. टेबलावर मायक्रोफोन ठेवायचा, लोक बोलतात, संगणक ते टिपून घेतो आणि लगेच सारांश काढून देतो. सारांश शुद्ध मराठीत असतो, नीटनेटका. जिथे बोलणं संगणकाला कळत नाही तिथे 'अस्पष्ट' असं येतं. सुरुवातीला मला बरं वाटलं होतं, कुणावर दबाव यायला आता माणूसच नाही मधे. मग एका गावच्या सुनावणीचे कागद माझ्या सहीसाठी आले आणि त्यांतली पानंच्या पानं 'अस्पष्ट, अस्पष्ट' अशी होती. बोलणारे सगळे म्हातारे, डोंगराच्या कुशीतले. मी ते कागद पिशवीत घातले आणि रविवारी कसब्यात गेले. ती आमची शेवटची भेट ठरली.

ताई बऱ्याच वाळल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी कागद वाचले. एका सारांशावर बोट ठेवलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं म्हणणं होतं, गावासाठी दवाखाना जिथे धरलाय त्या जागेविषयी. संगणकाने लिहिलं होतं, 'अर्जदाराने सदर जागेविषयी भावना व्यक्त केल्या.'

"कसल्या भावना?" ताईंनी विचारलं. "आवाज आहे का तुझ्याकडे?"

फोनवर ध्वनिमुद्रण होतं. त्यांनी ते कानाशी धरून तीनदा ऐकलं, आणि मला त्यांचा चेहरा उतरताना दिसला. म्हातारा म्हणत होता, "त्या जाग्याला उमाळा हाय. पाया धरायचा न्हाई."

"अगं, उमाळा म्हणजे पाणी," त्या म्हणाल्या. "जमिनीतून वर येतं ते. तो माणूस सांगतोय, खाली झरा आहे, इमारत खचेल. आणि हे यंत्र म्हणतंय, त्याचं मन भरून आलं." त्यांनी फोन मला परत दिला. "माझ्या वेळी साहेब होते. ते चिडायचे तरी. याच्यापुढे उभं राहून कुणाला सांगायचं, एक पान कमी आहे म्हणून?… मला हे बघून भीती वाटते, वैशाली." निघताना मी म्हटलं, बघते मी, काहीतरी करते. त्यांनी चष्मा काढून ठेवला. दारापर्यंत आल्या, जिन्याचा दिवा लावला.

मी काही केलं नाही. सगळा आराखडा वेळेत वर पाठवायचा होता, यंत्रणा वरच्यांनीच आणलेली होती, आणि तिच्यात चूक आहे असं लिहिणाऱ्याचं काय होतं ते मी पाहिलेलं होतं. उद्या करू, परवा करू, असं म्हणत तो गठ्ठा माझ्या कपाटात पडून राहिला, आणि मग निलोफरचा फोन आला.

चाळीसाव्या दिवशी मी पुन्हा त्या खोलीत गेले. लोक जेवून पांगले होते. ताईंची खाट उभी करून ठेवलेली होती, खिडकीतलं टेबल मात्र तसंच होतं. निलोफरने खणातून एक जाड वही काढून माझ्या हातात दिली. "फुफींनी यात काहीतरी लिहिलंय, आम्हाला त्याचा उपयोग नाही," ती म्हणाली. मी उघडली. लघुलिपी नव्हती, साधी देवनागरी, शाळेतल्यासारखी वळणदार. प्रत्येक ओळीत एक शब्द, त्याचा अर्थ आणि तो ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव. ताल, म्हणजे शेताचा बांध. चिबड, म्हणजे पाणी धरून ठेवणारी, पाय रुतणारी जमीन. ओघळ. वगळ, म्हणजे लहान ओहोळ. खांड, म्हणजे बांधाला पडलेली फट. इतक्या वर्षांच्या सुनावण्यांतले शब्द, जे एकाही इतिवृत्तात कधी आले नाहीत. कुणी सांगितलं नसताना, रोज घरी येऊन, त्या हे करत होत्या.

मी ताईंच्या टेबलाशी बसले. निलोफरकडे कोरा कागद मागितला. ऑफिसात मला हे लिहिता आलं नसतं, तिथे दर दोन मिनिटांनी कुणीतरी दार उघडतं. पाठीमागे जिन्यावर पाऊल वाजलं की मी इथेही वळून बघत होते. मी त्या सारांशाच्या दुरुस्तीची टिप्पणी लिहिली. वर फाइलचा विषय, खाली त्या शेतकऱ्याचं नाव, आणि त्याचं म्हणणं, तो बोलला तसं. मग सही केली. निलोफर चहा घेऊन आली तेव्हा मी कागद तिच्यापुढे धरला. "वाच जरा. अक्षर लागतंय का सांग."

तिने वाचलं. एका शब्दापाशी ती थांबली आणि माझ्याकडे मायेने बघत म्हणाली, "उमाळा… फुफींच्या आठवणीने लिहिलंत का, मावशी?"

"नाही गं," मी म्हटलं. "पाणी आहे तिथे."

मग कागद परत घेतला, आणि त्या शब्दापुढे अर्थ लिहिला.